मानसशास्त्रीय भयकादंबरी कशी वाचावी: ‘हिल हाउस’च्या आधारे पात्र आणि लेखनतंत्र यांची ओळख

मानसशास्त्रीय भयकादंबरी वाचून संपवलेल्या नव्या वाचकाची एक ठरलेली अडचण असते. अंगावर काटा आलेला असतो, रात्री दिवा मालवताना हात थबकतो, पण ‘नेमके घडले तरी काय?’ असे कोणी विचारले तर धड उत्तर देता येत नाही. भूत दिसलेले नसते, खून पडलेला नसतो, पुष्कळदा रक्ताचा थेंबही सांडलेला नसतो. मग भीती आली कुठून, हा प्रश्न मनात अडकून राहतो. तो सोडवण्याची एक पद्धत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे. ही पद्धत पुस्तक परीक्षण लिहू पाहणाऱ्यांना, साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि स्वतः भयकथा लिहू इच्छिणाऱ्यांनाही उपयोगी पडावी.

उदाहरणासाठी एकच पुस्तक घेतले आहे: अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन (१९१६–१९६५) यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ ही कादंबरी. दहा पुस्तकांची नावे घेऊन प्रत्येकावर दोन ओळी लिहिण्यापेक्षा एकाच पुस्तकात खोल उतरणे नवख्या वाचकाला अधिक शिकवते, असे माझे ठाम मत आहे. शेवटासह सगळे कथानक इथे उघड करावे लागणार आहे. त्यामुळे ज्यांना ही कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची असेल त्यांनी आधी ती वाचावी आणि मग या लेखाकडे वळावे.

पहिली पायरी: दोन वाचने, दोन वेगळ्या कारणांसाठी

पहिले वाचन निव्वळ वाचन असावे. हातात पेन्सिल नको, वही नको, मध्येच थांबून प्रतीके शोधणे तर मुळीच नको. भीतीचा अनुभवच घेतला नसेल, तर नंतर विश्लेषण करायचे ते कशाचे?

दुसऱ्या वाचनाला मात्र वही घेऊन बसावे आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घडलेली घटना लिहावी, दुसऱ्यात ती कोणी कोणी पाहिली किंवा ऐकली ते लिहावे, आणि तिसऱ्यात त्या क्षणी मुख्य पात्राच्या मनात काय चालले होते ते लिहावे. सुरुवातीला हे काम कारकुनी वाटेल, पण पुढे ज्याला आपण संदिग्धता म्हणतो ती या तीन रकान्यांतल्या फटीतूनच दिसू लागते. कादंबरीत नऊच प्रकरणे आहेत, त्यामुळे वही भरून जाईल अशी धास्ती बाळगू नये.

कथानक थोडक्यात असे. डॉ. माँटेग्यू हे मानववंशशास्त्राची पदवी असलेले अभ्यासक झपाटलेल्या घराचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी उन्हाळ्यात हिल हाउस भाड्याने घेतात. पूर्वी कधी ना कधी काही विलक्षण अनुभव आलेल्या लोकांना ते पत्रे पाठवतात. त्यांतून दोघी येतात, एलेनॉर व्हान्स आणि थिओडोरा. घराचा भावी वारस म्हणून ल्यूक नावाचा तरुणही तिथे राहायला येतो. मिसेस डडली आणि तिचा नवरा घराची देखभाल करतात, पण अंधार पडायच्या आत तिथून निघून जातात.

दुसरी पायरी: पात्र कशाला घाबरते हे नंतर, त्याला काय हवे आहे हे आधी

नवखा वाचक भयकादंबरीतील पात्राकडे पाहताना त्याला कशाची भीती वाटते हे पहिल्यांदा टिपतो. माझ्या मते इथेच वाट चुकते. मानसशास्त्रीय भयकथेत भीतीचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या तहानेत असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा, या माणसाला काय हवे आहे, आणि त्याचे उत्तर कादंबरीतल्या तपशिलांनी द्यावे.

एलेनॉर बत्तीस वर्षांची आहे. त्यांतली अकरा वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करण्यात घालवली आहेत. आई नुकतीच वारली आहे. आता जगात ती मनापासून द्वेष करते असे माणूस एकच उरले आहे, ते म्हणजे तिची सख्खी बहीण. मित्र किंवा मैत्रीण एकही नाही. हिल हाउसला जाण्यासाठी तिला गाडी हवी असते. गाडीच्या किमतीतला अर्धा वाटा तिचा आहे, तरी बहीण आणि मेहुणा नकार देतात, आणि ती सकाळी जाऊन ती गाडी गुपचूप घेऊन निघते. हा तपशील नीट पाहावा. स्वतःच्या मालकीची वस्तू चोरावी लागणे, यात तिचे सगळे आयुष्य आले. या बाईला काय हवे आहे, तर स्वतःचे म्हणता येईल असे एक घर, आणि आपली वाट पाहणारे कोणीतरी.

हे उत्तर हाती आले की पुढचे सगळे तंत्र उलगडू लागते. हिल हाउस तिला घाबरवते, पण ते तिला बोलावतेही. आजवर तिला कोणीच बोलावले नव्हते. डॉक्टरांचे पत्र हे तिला आलेले पहिले खरे आमंत्रण, आणि त्यानंतर घराने दिलेले दुसरे. झपाटलेल्या घरातून माणूस पळून जाऊ पाहतो अशी आपली अपेक्षा असते. इथे मात्र नायिकेला तिथेच राहायचे आहे. वाचकाच्या पोटात खड्डा पडतो तो यामुळे.

तिसरी पायरी: दृष्टी कोणाची आहे हे ओळखणे

निवेदन तृतीयपुरुषी आहे, म्हणजे ‘मी’ कोणी नाही, ‘ती’ आहे. त्यामुळे नवा वाचक निवेदकावर डोळे मिटून विश्वास टाकतो. पहिल्या प्रकरणाच्या आरंभी निवेदक खरोखरच सगळ्यांपासून समान अंतरावर उभा असतो आणि घराबद्दल, डॉक्टरांबद्दल, प्रत्येक पाहुण्याबद्दल तटस्थपणे सांगतो. पण एलेनॉर गाडीत बसली की हा निवेदक हळूहळू तिच्या डोक्यात शिरतो आणि मग फारसा बाहेर येत नाही. ‘असे एलेनॉरला वाटले’ हे शब्द गळून पडतात आणि तिचे वाटणे हेच विधान बनते. समीक्षेत याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी हरकत नाही, पण खूण लक्षात ठेवावी. वाक्य निवेदकाचे असते आणि त्यातला हेका, घाई किंवा चीड मात्र पात्राची असते.

यासाठी एक छोटा सराव करावा. एलेनॉर पहिल्यांदा घर पाहते तो उतारा काढावा आणि घराविषयीच्या प्रत्येक विशेषणापुढे ‘हे कोणाचे मत?’ असे लिहावे. पाच-सहा विशेषणांनंतर लक्षात येते की घर दुष्ट आहे हे आपल्याला तिच्याकडूनच कळले, आणि आपण ते पुराव्याशिवाय मान्यही केले. अविश्वसनीय निवेदक म्हणजे खोटे बोलणारा निवेदक, असा एक गैरसमज आहे. एलेनॉरच्या नजरेतून येणारे निवेदन तिच्यापुरते पूर्णपणे प्रामाणिक आहे. जग आणि तिचे मन यांच्यातली भिंत मात्र पातळ झालेली आहे.

चौथी पायरी: घर हेच एक पात्र

शाळेत आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो. निर्जीव वस्तू सजीवांसारख्या वागू लागल्या की तो अलंकार होतो. कवितेत तो बहुधा सौंदर्यासाठी येतो. इथे लेखिकेने तो कादंबरीचा पाया म्हणून वापरला आहे. पहिल्याच परिच्छेदात घराला वेडसर म्हटले आहे, आणि ‘वेडसर’ हे विशेषण माणसाला लावायचे असते. लगेच पुढे मात्र त्या घराच्या भिंती सरळ उभ्या आहेत, विटा नीट जुळलेल्या आहेत, जमीन भक्कम आहे आणि दारे व्यवस्थित बंद आहेत असे सांगितले जाते.

हे वाक्य वहीत उतरवून ठेवावे, कारण पुढे डॉक्टर सांगतात की या घराचा एकही कोन काटकोन नाही. घर बांधणाऱ्या ह्यू क्रेनने प्रत्येक कोन किंचित चुकवला आहे. त्यामुळे जिने, खोल्या, दरवाजे सगळेच अंशाअंशाने कललेले आहेत, आणि दारे आपोआप बंद होतात ती याच कारणाने. म्हणजे सरळ भिंती आणि नीट बंद दारे हे वर्णन बाहेरून पाहणाऱ्याचे होते. आत राहणाऱ्याला ते घर सतत थोडे चुकलेले जाणवते, आणि नेमके काय चुकले ते बोट ठेवून दाखवता येत नाही. एलेनॉरचेही तसेच आहे. बाहेरून पाहावे तर मर्यादशील, नेमस्त, आईची सेवा करणारी मुलगी, आणि आत प्रत्येक कोन थोडाथोडा सरकलेला. घराची रचना आणि पात्राची रचना एकमेकींशी अशी जुळू लागली की वाचकाने थांबून दोन्ही शेजारीशेजारी लिहावे.

घराचा इतिहासही याच कामी येतो. क्रेनची पहिली पत्नी हे घर पाहण्याआधीच, अगदी आवारातल्या वाटेवर येऊन, घोडागाडी उलटून मेली. पुढे त्याच्या दोन मुलींमध्ये घरावरून वैर झाले. मग थोरलीने सोबतीला ठेवलेल्या बाईला घर मिळाले आणि त्या बाईने जीव दिला. दोन बहिणींचे वैर, आजाऱ्याची सेवा करणारी बाई, औषधपाण्यात हयगय झाल्याचा आरोप, हे सगळे एलेनॉरच्या घरातही होऊन गेले आहे. डॉक्टर हा इतिहास सर्वांना सांगत असतात, पण तो खऱ्या अर्थाने एकटीच ऐकत असते.

पाचवी पायरी: प्रतीकाचा माग काढणे, चांदण्यांच्या पेल्याच्या निमित्ताने

प्रतीक म्हटले की नवे वाचक पुस्तकभर अर्थ शोधत सुटतात. काळा रंग म्हणजे मृत्यू, आरसा म्हणजे दुभंगलेले मन, अशी तयार यादी त्यांच्याजवळ असते. ही यादी बाजूला ठेवावी. प्रतीकाचा अर्थ पुस्तकाबाहेर नसतो. तो त्या वस्तूच्या पुस्तकातल्या प्रवासातून तयार होतो. म्हणून एकच वस्तू निवडून ती कुठे कुठे येते आणि दर वेळी कोणाच्या तोंडी येते, एवढेच पाहावे.

हिल हाउसच्या वाटेवर एलेनॉर एका खेड्यातल्या छोट्या उपाहारगृहात जेवायला थांबते. शेजारच्या टेबलाशी आई, वडील, मुलगा आणि एक लहान मुलगी आहे. मुलगी पेल्यातले दूध प्यायला तयार नाही, कारण तिला तिचा चांदण्यांचा पेला हवा आहे. घरी ती ज्या पेल्यातून दूध पिते त्याच्या आत चांदण्या आहेत, आणि दूध पिताना त्या तिला दिसतात, असे तिची आई कौतुकाने आणि थोड्या संकोचाने सांगते. आई समजूत घालते, आजच्या दिवस या पेल्यातून पी म्हणते. एलेनॉर मनातल्या मनात त्या मुलीला सांगत असते की ऐकू नकोस, हट्ट सोडू नकोस, एकदा का त्यांनी तुला इतरांसारखी करून टाकली की तुझा पेला तुला पुन्हा दिसायचा नाही. मुलगी तिच्याकडे पाहून हळूच हसते, तिच्या गालाला खळी पडते, आणि ती दुधाला ठामपणे नकार देते.

एवढाच प्रसंग आहे. भीतीचा मागमूस नाही. कथानकाला याची गरजही नाही, तो गाळला तरी गोष्ट पुढे जाईल. पण याच प्रवासात एलेनॉरने आणखी काही वस्तू वेचल्या आहेत: एका मोठ्या घराच्या पायऱ्यांवरचे दगडी सिंह, एका झोपडीवजा घराच्या दाराशी बसलेले पांढरे मांजर. पुढे थिओडोरा तिला सहज विचारते की तू राहतेस कुठे, तेव्हा एलेनॉर आपल्या घराचे वर्णन करते. लहानसेच घर आहे, पांढरे पडदे आहेत, दगडी सिंह आहेत, पांढरे मांजर आहे, आणि आत चांदण्या रंगवलेला एक निळा पेला कधीकाळी होता. वाचक इथे दचकतो. भूत दिसल्यावर जसे दचकावे तसाच, कारण प्रत्येक वस्तू कुठून उचलली हे त्याला माहीत आहे. तिचे घर रस्त्यावरच्या परक्या वस्तूंचे बनले आहे. खऱ्या आयुष्यात ती बहिणीच्या घरी, भाचीच्या खोलीत, एका खाटेवर झोपते, आणि ही कबुलीही ती पुढे देते.

पेल्याचा अर्थ आता सांगता येईल: आपलेपणाचा हट्ट. त्या लहान मुलीला हट्ट करता आला, कारण तिला लाड करणारी आई होती. एलेनॉरने तो पेला मनाने उचलला, पण त्यासोबत ती आई काही तिला उचलता आली नाही. मला या कादंबरीतले हे सर्वांत भयंकर पान वाटते, आणि दर वाचनात इथे माझा वेग आपोआप मंदावतो.

सहावी पायरी: पालुपदे मोजणे

एखादे वाक्य तिसऱ्यांदा आले की ते पालुपद समजावे आणि त्याची प्रत्येक जागा टिपावी. या कादंबरीत दोन पालुपदे सहज सापडतात. मिसेस डडली जेवण किती वाजता मांडते, भांडी किती वाजता आवरते आणि अंधार पडल्यावर थांबत का नाही, हे त्याच त्या शब्दांत यंत्रासारखे सांगत राहते. जवळपास कोणी नसेल, रात्री हाक मारली तरी कोणाला ऐकू जाणार नाही, हा तिचा निरोप पहिल्यांदा धमकीसारखा वाटतो, दुसऱ्यांदा पाहुण्यांना त्यावर हसू येते, आणि नंतर तो निव्वळ खरा ठरतो. शब्द तेच राहतात, ऐकणाऱ्यांची अवस्था बदलते.

दुसरे पालुपद एलेनॉरच्या डोक्यातले. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधल्या गाण्याची एक ओळ, प्रवासाचा शेवट प्रियजनांच्या भेटीत होतो अशा अर्थाची, तिच्या मनात घोळत राहते. सुरुवातीला ती आशा असते, मग चाळा होतो, आणि अखेरीस ती कोणाच्या भेटीला निघाली आहे हे कळल्यावर त्याच ओळीने अंगावर शहारा येतो. पूर्वसूचन म्हणतात ते हेच. सूचना पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते, पण गोड गाण्याच्या रूपात असल्याने आपण ती सूचना म्हणून ऐकत नाही.

सातवी पायरी: रकाने उघडून संदिग्धता तपासणे

आता वहीतल्या दुसऱ्या रकान्याकडे यावे. कोणती घटना कोणी अनुभवली? दारावरचे भयंकर ठोके एका रात्री एलेनॉर आणि थिओडोरा दोघी ऐकतात, तर डॉक्टर आणि ल्यूक त्या वेळी कुत्र्यासारख्या कशाचा तरी पाठलाग करत बाहेर गेलेले असतात. भिंतीवर खडूने उमटलेली अक्षरे सगळे पाहतात. पुढे एका रात्री सारे घर हादरते आणि चौघेही ते अनुभवतात, पण नंतर आलेल्या डॉक्टरांच्या पत्नीला, जिला भुतांना भेटण्याची सर्वांत जास्त हौस आहे, काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘सगळे एलेनॉरच्या मनाचे खेळ आहेत’ हे सोपे उत्तर टिकत नाही, आणि ‘घरात भूत आहे’ हे उत्तरही पुरत नाही.

तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो. ठोके सुरू होतात तेव्हा अर्धवट झोपेत एलेनॉर ‘आले आई, आले’ असे म्हणते. पुढे तिची कबुली येते: आई गेली त्या रात्री आईने औषधासाठी भिंतीवर ठोकले होते, हाका मारल्या होत्या, आणि एलेनॉर उठली नाही. कदाचित जागी होऊन पुन्हा झोपली असेल, असेही तिला वाटते. घरातले ठोके दोघींनी ऐकले हे खरे, पण ते कोणाच्या आठवणीच्या आकाराचे आहेत? भिंतीवरच्या अक्षरांत तिचेच नाव आहे, आणि त्या मूळ इंग्रजी वाक्यात विरामचिन्ह नाही. ‘एलेनॉरला घरी यायला मदत करा’ असेही वाचता येते आणि ‘मदत कर एलेनॉर, घरी ये’ असेही. हाक नेमकी कोण कोणाला मारते आहे हे ठरवण्याचे साधनच लेखिकेने वाचकाला दिलेले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक ओळखीची वाट सापडेल. एलेनॉर बारा वर्षांची असताना, वडील वारल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, तिच्या घरावर सलग तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता, आणि त्याच कारणाने डॉक्टरांनी तिला बोलावले. घरावर दगड पडणे, कपडे पेटणे याला आपल्याकडे भानामती म्हणतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा तक्रारींचा छडा लावण्याचे काम केले. या प्रकारांमागे माणूसच असतो, आणि पुष्कळदा ती त्याच घरातली, आपली घुसमट बोलून दाखवू न शकणारी व्यक्ती असते, ही त्यांची मांडणी आहे. ही मांडणी मनात ठेवून कादंबरीतला दगडांचा उल्लेख पुन्हा वाचावा. एलेनॉरला वाटते दगड बहिणीमुळे पडले, बहिणीला वाटते एलेनॉरमुळे, आणि आई शेजाऱ्यांना दोष देते. वडील गेल्याचे दुःख मात्र त्या घरात कोणी उच्चारल्याचे दिसत नाही. कादंबरी दगड कोणी टाकले ते सांगत नाही, पण घुसमट कोणाची होती ते पुरेसे स्पष्ट करते.

आता एक प्रसंग अगदी जवळून पाहू. थिओडोराची खोली आणि कपडे लाल डागांनी माखल्यामुळे ती एलेनॉरच्या खोलीत झोपायला आली आहे आणि एलेनॉरचेच कपडे घालते आहे. रात्री अंधारात एलेनॉरला पलीकडून पुटपुट ऐकू येते, मग एका लहान मुलाचे रडणे. ती थिओडोराचा हात घट्ट धरते, इतका घट्ट की बोटांची हाडे जाणवतात. स्वतःसाठी ती सगळे सोसायला तयार आहे, पण एखाद्या मुलाला कोणी दुखवावे हे ती सहन करणार नाही, असा निश्चय करून ती ओरडते. ओरडताच दिसते की दिवा त्यांनी झोपताना ठेवला होता तसाच चालू आहे, आणि थिओडोरा दूर आपल्या अंथरुणात दचकून उठून बसली आहे. मग आपण हात धरला होता तो कोणाचा, हा प्रश्न एलेनॉर विचारते आणि प्रकरण संपते.

बहुतेक वाचकांचे लक्ष हातावर खिळते. माझी विनंती आहे की दिव्याकडे पाहावे. दिवा चालूच होता, म्हणजे अंधार खोलीत नव्हता. शिवाय ज्या मुलासाठी ती जिवाच्या आकांताने ओरडली ते मूल कोण, हेही विचारावे. बत्तीस वर्षांत तिच्यासाठी असे कोणी ओरडल्याचा उल्लेख पुस्तकात कुठेही नाही. हा प्रसंग भुताचा आहे की मनाचा, याचा निकाल लावण्याची घाई करू नये. ‘ठरवता येत नाही’ हेच त्याचे अचूक वर्णन आहे, आणि ते पुराव्यासकट लिहिता येणे ही चांगल्या वाचकाची कमाई आहे.

आठवी पायरी: इतर पात्रे मुख्य पात्राच्या संदर्भात वाचणे

यावर फार वेळ घालवू नये, कारण या कादंबरीत इतरांना मुद्दाम कमी खोली दिलेली आहे. थिओडोराचा तेवढा नीट विचार करावा. तिला आडनाव नाही, तिचे स्वतःचे दुकान आहे, मनात येईल ते ती बोलते. एलेनॉरला व्हायला आवडले असते ते सगळे ती आहे. म्हणूनच आधी दोघी बहिणींसारख्या जवळ येतात आणि मग थिओडोराच्या एकेका वाक्याने एलेनॉर दुखावत जाते. ‘इथून गेल्यावर मी तुझ्याबरोबर तुझ्या घरी येईन,’ असे एलेनॉर म्हणते तेव्हा थिओडोरा तिला झिडकारते. ज्या घरात बोलावणे आहे तेच आपले, असे एलेनॉर मानू लागते ते यानंतर.

नववी पायरी: परीक्षण लिहिताना तंत्र आणि पात्र एकाच वाक्यात ठेवणे

लिहायला बसल्यावर ‘लेखिकेने प्रतीके, पुनरावृत्ती आणि चेतनगुणोक्ती यांचा प्रभावी वापर केला आहे’ असे वाक्य हाताखालून येऊ लागते. ते खोडावे. ते कोणत्याही कादंबरीबद्दल लिहिता येते, म्हणजे ते या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘ठोक्यांचा आवाज ऐकताच एलेनॉरच्या तोंडून आईला ओ निघते, त्यामुळे घराचा हल्ला आणि मुलीचा अपराधभाव हे वाचकाला वेगळे करता येत नाहीत.’ यात प्रसंग आहे, पात्र आहे, तंत्र आहे आणि वाचकावर होणारा परिणामही आहे, आणि तंत्राचे नाव घेण्याची गरजसुद्धा पडलेली नाही. वहीतल्या प्रत्येक नोंदीचे असे एकेक वाक्य करावे. दहा वाक्ये झाली की त्यांतली चार-पाच एका धाग्यात बसतात, आणि तो धागा हाच लेखाचा विषय.

दहावी पायरी: शेवटचा परिच्छेद पहिल्याच्या शेजारी ठेवणे

अखेरीस एलेनॉर रात्री एकटीच मनोऱ्याच्या डगमगत्या लोखंडी जिन्यावर चढते आणि ल्यूक तिला खाली आणतो. तिच्याच सुरक्षिततेसाठी सर्वजण तिला परत पाठवायचे ठरवतात. ती गाडीत बसते, निरोप घेते, आणि मग वेग वाढवून वळणावरच्या मोठ्या झाडावर गाडी घालते. त्या अखेरच्या क्षणी एक लख्ख जाणीव तिला होते: मी हे का करते आहे, आणि मला कोणी अडवत का नाही? इथवर आपण तिच्या मनाच्या इतके आत होतो की हा प्रश्न आपल्यालाही उशिरा सुचतो.

त्यानंतर निवेदक एकदम बाहेर पडतो. थिओडोरा आपल्या घरी परतली, ल्यूक पॅरिसला गेला, डॉक्टरांच्या लेखाची अभ्यासकांनी उपेक्षा केली, हे सगळे काही ओळींत उरकले जाते, आणि मग कादंबरीचा पहिला परिच्छेद जवळजवळ शब्दशः परत येतो. वेडसर घर, सरळ भिंती, नीट जुळलेल्या विटा, बंद दारे, ऐंशी वर्षे उभे राहिलेले आणि आणखी ऐंशी वर्षे उभे राहू शकेल असे. दोन्ही परिच्छेद वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहून काढावेत आणि शेवटच्या शब्दांपाशी थांबावे. तिथे जे काही वावरत होते ते एकटेच वावरत होते, असे ते शब्द आहेत. पहिल्यांदा वाचताना ते घराचे वर्णन असते. दुसऱ्यांदा वाचताना आपल्याला ठाऊक असते की एक बाई या घरात आपले माणूस शोधायला आली होती आणि इथेच राहिली, आणि तरीही त्या वाक्यात एकही शब्द बदललेला नाही.